इसहाकाच्या घरची चावी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारे सुतार थेंब घालून डोळे मिटून बसले होते. पलीकडे त्यांची बायको होती.

"अहो, कामाच्या शेडची चावी आता धाकट्या पोराला द्या. थोरला तापट आहे."

"बायबलातल्या इसहाकाला दिसेनासं झाल्यावर त्याच्या बायकोने, रिबकानेही धाकट्याचंच घोडं पुढे दामटलं होतं."

"तिने थोरल्याचा आशीर्वाद धाकट्याला मिळवून द्यायला नवऱ्याला फसवलं. मी तोंडावर सांगतेय."

"धाकटा याकोब आईचा, थोरला एसाव बापाचा. पोरं वाटून घेतली दोघांनी, आणि भाऊ भावाच्या जिवावर उठला."

"पण देवाने याकोबालाच निवडलं ना?"

"निवडलं. घाई आईला झाली. तिच्या लाडक्याला घर सोडून पळावं लागलं."

"म्हणजे तुम्ही थोरल्याला देणार."

"तो माझा लाडका. म्हणून एकट्या त्यालाही नाही."

"मग कुणाला?"

"सकाळीच दाराला दोन कुलुपं बसवलीत. एकेकाला एकेक चावी. दोघं आल्याशिवाय शेड उघडायची नाही."

"आणि दारातच भांडायला लागले तर?"

"भांडू देत की. करवती, पटाशा, धारेचं सगळं आत कुलपात आहे."