चारही चाकं शून्यावर

…आणि तेसुद्धा सोफ्यावर बसून. तुम्हाला सांगतो, जे काम मी गाडीखाली पाठीवर झोपून करतो, डोळ्यांत माती पडते, खांदा अवघडतो, बायको टॉर्च धरून उभी असते आणि उजेडासकट जांभई देते, ते काम आमचा साडू सोफ्यावर बसून, एका हातात चहाचा कप धरून, दुसऱ्या हाताचं एक बोट मोबाईलवर फिरवून करतो. झालं. गाडी मऊ. परत बोट फिरवलं, गाडी कडक. माझं काही म्हणणं नाही. ज्याला परवडतं त्यानं करावं.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माणूस चांगला आहे, हसतमुख आहे, कुणाला उलटून बोलत नाही, आणि हाच तर त्रास आहे, कारण वाईट माणसाचा हेवा चारचौघांत करता येतो, चांगल्या माणसाचा सगळा आतल्या आत करावा लागतो. त्याची गाडी आणि माझी गाडी एकच. तीच बुटकी, रुंद, सुसाट पळणारी. फक्त माझी जुनी, त्याची नवी. आणि ही घ्यायची बुद्धी त्याला झाली कुणामुळे? माझ्या शेजारी बसून एक चक्कर मारली आणि म्हणाला, 'दादा, अशीच घेणार.' घेतलीन.

आता माझ्या गाडीचे कॉइलओव्हर मी स्वतः बसवलेत. कॉइलओव्हर म्हणजे काही मोठं नाही हो, मधे शॉकअप, त्याच्याभोवती स्प्रिंग, दोन्ही मिळून एकच नळकांडं, आणि ते कडक ठेवायचं की मऊ हे आपल्या हातात. त्याला एक छोटी खुंटी असते, ती फिरवली की टक्, टक् वाजते. पद्धत अशी, की खुंटी आधी पूर्ण आवळायची, म्हणजे शून्य, एकदम कडक, आणि मग एकेक टक् मोजत सैल सोडत यायचं. जितके टक् जास्त, तितकी गाडी मऊ. चार चाकं, चार खुंट्या, आणि मोजताना बायकोनं 'अहो, झालं का?' विचारलं, की परत शून्यापासून.

आणि हे सगळं कुणासाठी? बाबांसाठी. बाबा म्हणजे आमचे सासरे. त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालंय, आणि दर रविवारी त्यांना शहराबाहेर मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जायचं असतं, आणि नेतो कोण? मी. घरात ते ठरूनच गेलंय, बाबांना थोरलाच नेतो. तुम्ही हसाल, पण सासरी मला तेवढाच एक मान आहे. साडूला रूप आहे, गाता गळा आहे, सासूबाईंनी कितीही वाढलं तरी 'अजून थोडं' म्हणतो. माझ्याकडे काय आहे, तर रविवार.

त्या रविवारसाठी मी ती पळणारी गाडी मऊ, मऊ, मऊ करत आणली. बायको म्हणते, 'अहो, शर्यतीची गाडी घेतलीत आणि चालवताय दुधानं भरलेली पातेली नेल्यासारखी.' पण वाटेत रेल्वेचं फाटक आहे, तिथं रूळ ओलांडताना बाबा 'आई गं' म्हणतातच. हळूच म्हणतात. मला वाईट वाटू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून म्हणतात.

तर साडूनं हे नवीन बसवायचं ठरवलं, आणि सल्ल्याला कोण? मीच. 'दादा, तुम्ही चला, मला यातलं ओ की ठो कळत नाही.' ओ की ठो कळत नाही, आणि घेतोय सगळ्यात वरचं. गॅरेजवाला, जो माझी गाडी आली की जेवण टाकून बाहेर यायचा, तो माझ्याकडे बघेना. डबा असा उघडला, जसा काही सोनाराकडे आलोय. प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर एक चिमुकली मोटर, मोटरीला वायर, वायर एका डबीला, आणि डबी बोलते मोबाईलशी. 'आता हातानं कोण फिरवतंय साहेब,' असं म्हणाला तो, आणि मग माझे हात दिसले त्याला, तेव्हा जरा थांबला. माझं काही म्हणणं नाही.

जेवताना मेहुणीनं विषय काढला. 'बाबा, या रविवारी ह्यांच्या गाडीतून जा ना, नुसतं बोट फिरवलं की गाडी मऊ होते.' बाबांनी भाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. 'थोरल्यांना विचारा,' म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. घास तोंडात, उत्तर काय देणार? म्हटलं, 'माझं काही म्हणणं नाही.' तुम्हाला सांगतो, तो घास अजून खाली गेलेला नाही.

शनिवारी संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये साडूनं मोबाईल माझ्या हातात दिला. 'दादा, बाबांच्या कमरेचं तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही, तुम्हीच लावून ठेवा,' आणि हा वर गेला चार्जर आणायला. आता एवढा विश्वास टाकायचा असतो का माणसावर? पडद्यावर चार चाकं, चार आकडे. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि चारही आकडे शून्यावर नेले. गाडीच्या चारही कोपऱ्यांतून झुंई झुंई असा बारीक आवाज आला आणि थांबला. म्हटलं, बसा आता दगडावर. एकच रविवार. फाटकावर एकदा 'आई गं' जोरात निघालं की पुढच्या रविवारपासून गाडी कुणाची लागते ते कळेल.

रविवारी साडू चालवतोय, बाबा पुढे, आणि मी मागे, कारण 'थोरल्यांशिवाय मी बसणार नाही' असा बाबांचा हट्ट. पहिला गतिरोधक आला, मी सीट धरली. काही नाही. खडी उखडलेला रस्ता आला, दात आवळले. काही नाही. फाटक दिसायला लागलं. बाबा मागच्या खेळाचं सांगत होते, मित्राचा वजीर कसा कोंडला ते. 'मग मी काय केलं,' बाबा म्हणाले, 'उंट…' आणि गाडी रुळांवर चढली, '…काढला आडवा,' आणि गाडी रुळांवरून उतरली. आवाजसुद्धा हलला नाही हो त्यांचा.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्यानं ते अॅप बनवलं तो मऊकडून मोजतो. त्याच्याकडे शून्य म्हणजे सगळ्यात मऊ. असं कुणी मोजतं का? जन्मात एक खुंटी आवळलेली नसणार त्यानं.

बाबा म्हणाले, 'हे लावलं कुणी?' आणि साडू, तो चांगला माणूस, दुसऱ्याचं श्रेय घेईल कसा? 'दादांनी. मी बोटही लावलं नाही.' बाबांना मागे वळता येत नाही, त्यांनी नुसता हात मागे केला आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. 'थोरले, स्वतःचा रविवार जाणार हे ठाऊक असून केलंत तुम्ही हे.' आता मी काय म्हणू? नाही बाबा, मी तुमची कंबर मोडायला निघालो होतो, असं म्हणू? तरी एक प्रयत्न केला. म्हटलं, 'वळणावर जरा डुलतेय नाही, बाबा? थोडी कडक करू या.'

'डुलू द्या,' बाबा म्हणाले. 'ऑपरेशन झाल्यापासून मला कुणी डुलवलंच नाही.'

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, 'किती ठेवलं होतंत?' म्हटलं, 'शून्य.' ती इतके दिवस टॉर्च धरून मोजताना ऐकतेय, तिला माझं शून्य कुठलं ते चांगलं ठाऊक. टॉर्च हातात घेतला तिनं. मग म्हणाली, 'टॉर्चमधले सेल काढून ठेवते. उगाच खराब होतील.'

आता सगळ्या नातेवाइकांत माझ्या मनाच्या मोठेपणाची चर्चा आहे. सासूबाई मला न विचारता दुसऱ्यांदा वाढतात. साडू ते आकडे हलवू देत नाही कुणाला, म्हणतो, 'दादांनी लावलंय.' आणि दर रविवारी मी मागच्या सीटवर. माझं काही म्हणणं नाही. मी ठरवलं होतं, की निदान घुसमटत तरी बसायचं, तोंड पाडून, पूर्ण रस्ताभर. पण तुम्हाला सांगतो, गाडी इतकी मऊ चालते हो, की गेल्या रविवारी रागातच मला डुलकी लागली. बाबा साडूला म्हणाले, 'हळू बोल रे, थोरले झोपलेत.' ऐकलं मी. पण डोळे उघडून तरी काय करणार होतो?