गुलाबी फेट्यातला मामा

(आंधळगाव. मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचा दिवस. शाळेमागच्या पटांगणात खडी गंमतीची, म्हणजे इकडच्या उभ्या तमाशाची, पार्टी तयार होत आहे.)

खुशबू : मोबाईलले हात नको लावू, मामा. व्हिडिओ झाला काढून. चांगला दीड मिनिटाचा आहे.

प्रफुल्ल : मी नसन तो. दुसराच कोणी असन.

खुशबू : दुसऱ्या कोणाच्या सदऱ्यातून कवटीचा टी-शर्ट दिसते का? गुलाबी फेटा बांधून, कानावर हात ठेवून 'जी जी रं जी' करून राहिला होता तू. कमरेपर्यंतचे केस फेट्यात कसे कोंबले रे?

प्रफुल्ल : हळू बोल ना, बाई. लोक आयकून राहिले.

खुशबू : आयकू दे. आता त्यायच्याच समोर नाचणार आहेस तं.

प्रफुल्ल : नाचणार नाही, झील धरणार आहे. शाहीर ओळ म्हणते, अन् मागचे दोघं तिचं शेपूट धरून वरतं नेतात. त्याले झील म्हणतात. सोपं काम नाही ते.

खुशबू : हे तुह्या मेटलवाल्या ग्रुपवर सांग. 'काळं मंडळ', एक्केचाळीस मेंबर, ॲडमिन प्रफुल्लमामा. टाकू का व्हिडिओ?

प्रफुल्ल : खुशबू! तुले माही शपथ आहे.

खुशबू : टेकचंदनं बिचाऱ्यानं लग्नाची व्हिडिओ-पत्रिका टाकली होती. तिच्यात सनई वाजली म्हणून तू त्याले ग्रुपातून काढलं. त्यानं बी शपथच घातली होती.

प्रफुल्ल : तवाची गोष्ट वेगळी होती. माणसाचे विचार वाढतात.

खुशबू : तुहे विचार मले पाठ आहेत. मी आठवीत होती तं तू म्हणे, ज्या गाण्याचे शब्द समजतात ते गाणंच नोहे. दहावीत गेली तं म्हणे, शब्द समजले तं चालते, पण प्रेमाचं नको. बारावीत म्हणे, प्रेमाचं बी चालते, पण पोरगी मेलेली पाहिजे.

प्रफुल्ल : ते मी अजून बी मानतो.

खुशबू : अन् मागच्या साली दिवाळीले बासरी चालाले लागली! म्हणे, बासरीवाल्याले दाढी पाहिजे फक्त. आता सांग, इथी कोणाले दाढी आहे?

भैय्यालाल : मले आहे थोडी. कोण होय रे ही, प्रफुल्ल? केव्हाची वकिलासारखी उलटतपासणी घेऊन राहिली तुही.

प्रफुल्ल : भाची होय, शाहीर. ताईची खुशबू, भंडाऱ्याची.

खुशबू : नमस्कार, बाबाजी. तुमीच सांगा, हा माणूस कसा बिघडला?

भैय्यालाल : बिघडला? सुधरला म्हण, पोरी. माहं घर याच्या घराले लागून. दहा वर्षं हा खोलीत हेडफोन लावून अशी डरकाळी फोडे का माही म्हैस पान्हा चोरे. पोळ्याच्या आधी आमची तालीम लागली, तं हाच माणूस दारात उभा! म्हणते, शाहीर, आवाज कमी करा, मले गाणे आयकाचे आहेत.

खुशबू : मामा, तू? आवाज कमी करा म्हणाले गेला?

प्रफुल्ल : गेलो खरा. पण बाबुलालकाका झील धरून राहिले होते अन् त्यायचा गळा बसला होता. मी पाह्यलं, तं काका वरच्यावर गळ्यातून वराडून राहिले. म्हटलं, काका, असं नाही, पोटातून काढा. एकदा काढून दाखवली.

भैय्यालाल : दाखवली म्हणजे! चाळीस वर्षं मी त्या झीलची वाट पाह्यली. बाबुलाल हातातला तुणतुण्यासारखा चोनका तिथंच ठेवून म्हणे, पोट्ट्या, आता तूच उभा राह्य माह्या जागेवर.

प्रफुल्ल : मले वाटलं, एक दिवस जाऊन पाहू. दुसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडंच वळले. तोच जोर आहे, खुशबू, तोच. मी दहा वर्षं हेडफोनात शोधत होतो अन् तो भिंतीपलीकडं वाजून राहिला होता.

खुशबू : तुले मजा आली, बस. अन् माहं काय?

प्रफुल्ल : तुहं काय झालं?

खुशबू : माही लहानपणची मैत्रीण टीना, तिच्या लग्नात काय झालं, आठवते तुले? वरात मंडपापुढं आली, तिच्या मैत्रिणी नाचून राहिल्या होत्या. डीजेवर लागलेल्या त्याच गाण्यावर सातवीपासून आमी दोघीनं स्टेप बसवल्या होत्या. नवरी असून ती मले ओढाले आली. अन् मी मंडपाच्या खांबाले टेकून, कानात इयरफोन घालून उभी. काहून का मामा म्हणते, डीजेवर नाचते त्याले गाण्यातलं कळत नाही.

प्रफुल्ल : असं म्हटलं होतं मी?

खुशबू : स्टेटसले ठेवलं होतं! टीना म्हणे, तुले माह्यापेक्षा तुह्या मामाचे नियम मोठे आहेत, तं राह्य त्यायलेच धरून. आठ महिने झाले, बोलत नाही. करडीले सासरी गेली, मी पन्नास मेसेज टाकले, एकाचं उत्तर नाही. मले नाचाचं होतं, मामा. लई नाचाचं होतं.

भैय्यालाल : आता काढ पोटातून आवाज.

प्रफुल्ल : चुकलं माहं.

खुशबू : मोठ्यानं.

प्रफुल्ल : चुकलं माहं! निरा भैताड होतो मी. तो व्हिडिओ टीनाले पाठव.

खुशबू : टीनाले? ती हासन, मामा. सासरच्या सगळ्यायले दाखवन.

प्रफुल्ल : हासू दे. खालतं लिव का पोरीची चूक नाही, मामाचीच होय. अन् हेही लिव का परवा करडीच्या मंडईले आमचीच पार्टी आहे. तिच्या दारासमोर झील धरतो म्हणावं.

खुशबू : अन् ग्रुपवर?

प्रफुल्ल : ग्रुपवर बी टाक. पण आधी टेकचंदले मी परत घेतो, त्याचा हक्क आहे पाह्याचा.

खुशबू : टीनाले गेला. थांब... दिसला तिले. लिवून राहिली. बंद झालं. पुन्हा लिवून राहिली.

भैय्यालाल : प्रफुल्ल, चाल बापू. ढोलकी लागली, लोक बसले.

प्रफुल्ल : एक मिनिट, शाहीर. काय लिवलं तिनं?

खुशबू : 'मामाचा फेटा वाकडा आहे.'

प्रफुल्ल : बस? एवढंच?

खुशबू : थांब ना, अजून आलं. 'परवा येशीन तं तू सरळ बांधून आणजो.'

भैय्यालाल : अरे, चालतं का नाही?

प्रफुल्ल : आलो, शाहीर. खुशबू, रडते काय, इकडं ये. फेटा बांध.