शेवटचं पान आधी

आई जाऊन पंधरा दिवस झाले होते. दुरुस्तीला टाकलेला तिचा चष्मा आणायला लेक दुकानात गेली, तेव्हा बाकावर एक आत्या आणि तिची भाची बसल्या होत्या. भाचीच्या मांडीवर गोष्टींची वही होती.

"आत्या, ही राक्षसीण ढगांवरून चालते. आठ हात आहेत तिला."

"असतील. पण मला काही ती खरी वाटत नाही बाई."

"राक्षसीण खरी कशी वाटेल?"

"का नाही? हातांचं राहू दे. घरी एकटी असली की काय करते, ते सांग."

"पुस्तकं वाचते."

"कशी?"

"शेवटचं पान आधी. कुणी मरत नाही ना, एवढं बघते आणि मग पहिल्यापासून निवांत वाचत बसते."

"आणि मरत असलं तर?"

"तर आठही हातांनी पुस्तक मिटते आणि ढगात लपवून ठेवते."

"अगं, आता दिसली मला!"

दुकानदाराने चष्मा पुढे केला. "घालून बघा."

लेकीने आईचा चष्मा डोळ्यांवर चढवला. बाक, वही, आत्या, भाची, सगळं ढगात गेलं.

"ऐक ना," ती त्या ढगाला म्हणाली, "शेवटी तुझी राक्षसीण मरत नाही ना?"

"शेवट अजून लिहिलाच नाही, ताई."