आधी टीव्ही

वायफायवाला : अहो साहेब, राउटर चपलांच्या कपाटात कोण ठेवतं? आणि वर पत्र्याचा डबा! मग टीव्ही अडकणार नाही तर काय होणार?

मुलगा : वायरी दिसतात म्हणून बायकोने आत कोंबला. भिंतभर टीव्ही आणला, आणि ऐन मॅचच्या वेळी चक्र फिरत बसतं. चार पाहुण्यांसमोर अब्रूचं खोबरं झालं.

वायफायवाला : आता उघड्यावर, उंच ठेवलाय. टीव्हीला आणि गेमच्या मशीनला थेट वायर दिली. आणि पासवर्ड काय होता तुमचा? घराचा नंबर! अख्खा जिना तुमच्या जिवावर सिनेमे बघत असेल.

मुलगा : फुकटे लेकाचे. हाकल सगळ्यांना.

वायफायवाला : हाकलले. नवा पासवर्ड लांबलचक आहे, गावभर सांगत सुटू नका. टीव्ही, स्पीकर असल्या वस्तूंचं नेटवर्क वेगळं केलंय. त्यातून कुणी शिरलंच, तरी तुमच्या फोनपर्यंत पोचायचं नाही. चला, निघतो मी.

मुलगा : थांब, अजून एक काम आहे. तोंड जरा भिंतीकडे कर.

वायफायवाला : भिंतीकडे? ते कशाला?

मुलगा : खुर्चीत बाबा बसलेत ना, त्यांना ऐकू येत नाही, पण ओठ वाचतात. जन्म गेला कापडाच्या कारखान्यात. त्या खडखडाटात सगळे ओठांवरच बोलायचे. त्यांच्या मांडीवर टॅब दिसतोय? त्याचा स्पीड उतरव.

वायफायवाला : उतरवू? मी आल्या आल्या आजोबांनी टॅबच पुढे केला. म्हणाले, हाही पळवा जरा, लेक दिसते त्यात.

मुलगा : तेच तर दुखणं आहे. रोज संध्याकाळी ताईचा फोन. आणि बाईसाहेब आवाजच काढत नाहीत! नुसते ओठ हलवायचे. लहानपणापासून दोघांचं हेच. मी शेजारी बसलो तरी मला ढिम्म कळत नाही. हे घर बाबांच्या नावावर आहे. ती काय भरवत असेल त्यांना, ते सांगायला ज्योतिषी नको.

वायफायवाला : मग सरळ बंदच करा की टॅब. मला कशाला मध्ये घेता?

मुलगा : बंद केला की बोंबाबोंब, आणि दुसऱ्या दिवशी ताई दारात हजर. बंद नकोच. चेहरा दिसू दे, ओठ तेवढे पुसट. जमेल?

वायफायवाला : जमायला जमतं. येणारं कमी करायचं, जाणारं तसंच ठेवायचं. ताईंना आजोबा छान दिसतील, म्हणजे त्यांना शंकाही यायची नाही. पण जमतं म्हणून करायचं का हो?

मुलगा : या बिल्डिंगच्या कमिटीत मी आहे. सगळ्या मजल्यांचं कनेक्शन तुझ्याकडे ठेवायचं की दुसऱ्याला द्यायचं, ते या आठवड्यात ठरतंय. आता तूच बघ काय जमतं ते.

वडील : अहो, भिंतीशी काय कुजबुजताय दोघं? माझ्याकडे बघून बोला की. झालं का माझं?

वायफायवाला : करतोय, आजोबा, करतोय!

वडील : झकास करा हं. नातीचा दात पडलाय. तो मुठीत धरूनच झोपली म्हणे, लेक सांगत होती. आणि त्यांची मांजर कपाटात व्यायलीय. रोज एकेक पिल्लू उचलून दाखवते मला. आणि दाखवताना हसते हो! हसली की शब्द निसटतो माझा. मग मी ओरडतो, आधी हसून घे, मग बोल!

वायफायवाला : (पुन्हा भिंतीकडे वळून) साहेब, दात आणि मांजर. घराचं कुठं काय आहे यात?

मुलगा : तुला सांगतील होय घराचं? मुरलेलं लोणचं आहे ते. आणि ताईने लिहून कळवायची भीती नाही, अक्षरांशी बाबांचं कधी जमलंच नाही. कर लवकर.

वायफायवाला : केलं.

मुलगा : शाब्बास! आणि तिथला उरलेला स्पीड?

वायफायवाला : टीव्हीला.

(टॅब उजळतो.)

वडील : आली! आली बघा. बोल बाळा. थांब, हलू नकोस. अगं, तोंड कुठं गेलं तुझं? केस आहेत, कपाळ आहे, खाली नुसता धूर. पुन्हा बोल. हळू बोल. नाही गं, नाही कळत काही.

मुलगा : बाबा, इकडे बघा. माझ्याकडे. चित्र स्वच्छ आहे. मला ताईच्या कानातलंसुद्धा दिसतंय.

वडील : तुला दिसतंय?

मुलगा : लख्ख. डोळ्यांचं आहे हे, बाबा. वय झालं.

वडील : काल तर दिसत होतं! आणि तुझे ओठ बरे दिसतायत मला.

मुलगा : समोरचं दिसतं. पडद्यावरचं आधी जातं. कान गेले तेव्हाही तुम्ही असंच म्हणत होतात, कालपर्यंत तर येत होतं म्हणून.

वडील : तू गप्प बस. अहो वायफायवाले, तुम्ही या. असे समोर उभे राहा. तुम्ही परके, तुम्हाला माझ्याशी खोटं बोलून काय मिळणार? दोष मशीनचा की माझा?

मुलगा : सांग की. नीट तोंड उघडून सांग, ओठ दिसले पाहिजेत त्यांना.

वायफायवाला : मशीन चांगलं आहे, आजोबा.

वडील : आणि चित्र?

वायफायवाला : चित्र स्वच्छ आहे.

वडील : पुन्हा सांगा.

वायफायवाला : स्वच्छ आहे, आजोबा.

वडील : असं होय. बरं झालं विचारलं. उगाच मशीनला शिव्या देत बसलो असतो. बाळा, आहेस ना गं? माझा आवाज येतोय ना तुला? मग ऐक. आता रोज फोन करत जाऊ नकोस. तुझी कामं असतात. आणि इथं मजेत आहे मी, सगळे बघतात माझं. काय म्हणालीस? हो. हो हो. कळलं गं, सगळं कळलं.