दाढ, गॅस आणि डॉक्टरांच्या आई

दाढ काढायला तुम्ही दुखेल म्हणून घाबरता, पण मद्रासला तिरुवल्लिकेणीत नोकरीला होतो, मेसमध्ये राहायचो, तेव्हा माझी पंचाईत वेगळीच झाली. सुई पाहिली की मला घेरी यायची. तंजावरकडचे एक मराठी दंतवैद्य होते, ते म्हणाले, “गॅस हुंगवून झोपवतो. फक्त उपाशीपोटी या, नाहीतर ओकाल.”

गेलो उपाशी. दवाखाना त्यांच्या घरातच, बाहेरच्या खोलीत. त्यांच्या आईनं आतून माझं मराठी ऐकलं आणि उपमा-कॉफी घेऊनच आल्या. “आपल्यातलं माणूस आमच्या दारातनं उपाशी जाईल?” बशी रिकामी होईपर्यंत हलल्या नाहीत. डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, “उद्या या.” दुसऱ्या दिवशी इडली.

मग डॉक्टरांनीच हळूच युक्ती सांगितली, “उद्या तमिळ बोला.”

तिसऱ्या दिवशी मोडकंतोडकं तमिळ बोलत मी खुर्चीत बसलो. आत सगळं शांत. डॉक्टरांनी गॅसचा रबरी मुखवटा नाकाशी आणला, त्या वासानं माझी गाळण उडाली आणि मी ओरडलो, “आई गं, मेलो!”

“अगोबाई, हा तर आपल्यातला!” आतून आवाज आला आणि मागोमाग कॉफीचा वास.

मी रडकुंडीला आलो. “डॉक्टर, अशानं माझी दाढ निघणार कधी?”

स्वतःचा गाल दाबून धरत ते म्हणाले, “तुम्ही निदान मेसमध्ये राहता हो. माझी दाढ वर्षभर ठणकतेय, आणि मी या घरात राहतो.”