आमचा कोयता दे म्हणायला आले ते

माहेर माझं जिंतूरकडचं, दिलं हिकडं सोनपेठच्या अंगाला, आन् जलम गेला ऊस तोडण्यात, काय सांगू तुमाला. आमच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता, माणसं कुणी म्हणतच न्हाई. मुकादम इचारतो, औंदा किती कोयते यायलेत? माझा मालक वारला तवा मुकादम म्हणला, तू आता अर्धा कोयता, तुला कोण नेतंय. तवापासून मी घरीच.

ते दोघं नवरा-बायको आले तवा दिवाळी होऊन गेलती, कर्ती माणसं समदी तोडीला, भीमनगरात निस्त्या आमी म्हाताऱ्या. पोरीला सातवा म्हैना, पाय सुजलेले, नवऱ्याच्या पाठीवर वळ. आगाऊ घेतलेली उचल फिटली न्हाई म्हणून त्यांच्या मुकादमानं कोंडून घातलतं, तिथून पळाले. नात्याचे ना गोत्याचे, पर भाकर दिली, ठिवून घेतलं. पोरगी मला आत्या म्हणायची. लय वर्सांनी त्या घरात मला कुणी हाक मारायलतं बघा.

पाचव्या दिशी भर दुपारी जीप आली. मुकादम उतरला, म्हणला म्हातारे, आमचा कोयता हितं आलाय, गुमान दे. मी आत गेले, आढ्यात खोवलेला माझाच गंजका कोयता काढला आन् त्याच्या म्होरं धरला, म्हणले घे बाबा, ह्योच एक हाय घरात. शेजारची गयाबाई फिसकन हसली, तिनंबी आपला आणला, मग समद्याच म्हाताऱ्या आपापले कोयते घिऊन माझ्या दारात, शिवी न्हाई, आरडाओरडा न्हाई, निस्तं घ्या, न्या म्हणायल्या. त्यो म्हणला पोलिसात देतो. गयाबाई म्हणली दे की, माणसं कोंडल्याचं आमीबी सांगताव. ऊन उतरंस्तोवर एकजण दारातून हालली न्हाई, तवा कुटं जीप गेली.

दुसऱ्या दिशी सकाळच्या यष्टीत त्यास्नी बशिवलं. म्हणले, कुटं जायलाव ते मला सांगू नका, कागद धाडू नका, उद्या कुणी मारून इचारलं तर माझ्या तोंडून निगंल. पोरगी लय रडली.

सा वर्सं झाली. गयाबाई गेली. दिवाळीमागून वस्ती रिकामीच आसती, दिसदिस तोंडातून शबूद निगत न्हाई माझ्या. लेकरू साळंत जात आसंल आता, पोरगा का पोरगी तेबी ठावं न्हाई. आसंल तिथं सुखी ऱ्हावं. त्यांचं इचारायला आता कुणीच येत न्हाई, मुकादमबी न्हाई. म्या सांगू नका म्हणले आन् त्यांनी ऐकलं. इतकं कशाला ऐकावं वो माणसानं.