अंगठ्याचं मशीन आणि आबाचं पाणी

पोरगी बोलंना अन् तिचं मशीनबी बोलंना, असं रांगेतलं कुणीतरी म्हणालं आणि सगळी रांग हसली. मी मान वर केली नाही. हर्सूलच्या पुढं जळगाव रोडला रफीकचाचांचं सेवा केंद्र होतं, तिथं मी कॉम्प्युटरवर बसायचे, रेशनकार्डाला लोकांचे अंगठे जोडून द्यायचे, आणि अंगठा घ्यायचं ते छोटं मशीन यूएसबीला लावलं की कॉम्प्युटरला दिसतच नव्हतं. चार दिवस झाले होते. माउस चालायचा, कीबोर्ड चालायचा, फक्त हे नाही.

मी बोलत नव्हते हे खरंच आहे. काय सांगू तुम्हाला, आम्ही मूळचे फुलंब्रीकडचे, मेंढरंवाले. माझी आई लवकर गेली. मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस नाही तेव्हा आबा, म्हणजे माझा बाप, मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेला आणि मला शहरात आत्याकडं ठेवलं. आत्याच्या यजमानांना कंपनीत नोकरी, त्यांनी त्यांच्या मुलीबरोबर मलाही इंग्रजी शाळेत घातलं, चांगल्या मनानं घातलं, नाव ठेवायला जागा नाही. पण शाळेत माझ्या बोलण्याला हसायचे, आणि वर्षातून एकदोनदा आबा यायचा तेव्हा त्याच्याशी काय बोलावं ते मला सुचायचं नाही. तो दारातच पाणी प्यायचा, म्हणायचा, बरी हायेस ना, मी मान हलवायचे, की निघाला. राहा म्हणावं असं दरवेळी मनात यायचं. मग जिन्याच्या खिडकीतून त्याचा फेटा रिक्षांच्या मागं दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचे, इतकंच.

तर मशीनचं सांगत होते. चाचा म्हणायचे, बेटा, माउस चलता तो ये कायकू नै चलता, इसकी क्या दुश्मनी है? मी पुढचं पोर्ट सोडून मागचं घेतलं, वायर बदलली, ड्रायव्हर काढून परत टाकला, केंद्रातल्याच दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघितलं, तिथंही तेच. शेवटी घरी नेऊन आत्याच्या मुलीच्या लॅपटॉपला लावलं तर एका दमात लागलं. म्हणजे मशीन चांगलं. सकाळी रिक्षात बसल्यावर डोक्यात आलं की लॅपटॉप बॅटरीवर होता, आणि मग आठवलं की उन्हाळा लागल्यापासून केंद्रातल्या कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या कॅबिनेटला कोपर लागलं की बारीक मुंग्या येतात. दुकानामागं लिंबाखाली अर्थिंगचा खड्डा होता, मीठ-कोळसा भरलेला, त्यात चाचा दर जुम्म्याला बादलीभर पाणी ओतायचे. ओल असली की फालतू करंट जमिनीत उतरतो, नाहीतर तो कॅबिनेटातच घोटाळत राहतो आणि अशी नाजूक मशीनं बिचकतात. त्या भागात टँकर सुरू झाला तसं ते पाणी बंद पडलं. प्यायला नाही तिथं खड्ड्याला कोण घालणार?

हे सांगायचं म्हणून घाईनं आत शिरले तर बाकावर आबा.

सहा महिन्यांनी दिसत होता. त्याच्याही कार्डाला अंगठा जोडायचा होता, नाहीतर नाव कटणार. मेंढरं चुलत्याजवळ सोडून आला होता, समोरच्याच रानात. आता रान कुठलं, दरवर्षी जिथं त्यांचा मुक्काम पडायचा तिथं प्लॉटिंगची कमान उभी राहिली होती आणि रंगवलेल्या दगडांमधून मेंढरं तोंड घालत फिरत होती. आबा म्हणाला, मशीन लागलं की निघतो गं, दिवस मावळायच्या आत चौक्याचा घाट गाठायचाय.

मशीन लागलं की निघतो. एवढं ऐकलं आणि मी खड्ड्याचं काही बोललेच नाही.

आता मला काय म्हणायचं ते म्हणा. दोन तास मी नुसती वायर काढत आणि लावत बसले, लोकांनी टोमणे मारले ते ऐकले. आबा बाकावर, मांडीवर घोंगडी, चहा बशीत ओतून पितोय आणि माझ्या बोटांकडं बघतोय. इतका वेळ तो माझ्यासमोर कधी बसलाच नव्हता. शेजारच्याला सांगत होता, माझी लेक हाय, इंग्रजी शिकलीय. तो माणूस म्हणाला, मग मशीनला इंग्रजीत दम द्या म्हणावं. आबा हसला नाही. मला म्हणाला, तुला येतंय का गं हे नीट कराया? मी मान हलवली, नाही.

मग सिल्लोडकडून बांधकामावर आलेली एक म्हातारी उठली. तिचा तिसरा हेलपाटा. चपला घातल्या, म्हणाली, नाव जायचंच असंल तर जाऊंद्या माय. तेव्हा मात्र मला माझी लाज वाटली. तिला हातानंच थांबवलं, चाचांना मागं नेलं, खड्डा दाखवला, अर्धं पुटपुटले, अर्धं खुणेनं. चाचांनी कपाळाला हात लावला. हौ बेटा, लेकिन पानी किधर है, टँकर तो परसों आयेंगा. आबा मागं येऊन उभा राहिला होता. वाटेसाठी भरलेला त्याचा पाच लिटरचा कॅन, त्यानं झाकण काढलं आणि सगळा खड्ड्यात ओतला. म्हणाला, भुईलाबी पाणी लागतंय व्हय.

अर्ध्या तासानं मशीनचा लाल दिवा लागला. म्हातारीचा अंगठा आधी घेतला. मग आबाचा. काठी धरून धरून रेषा झिजलेल्या, मशीननं चार वेळा घेतलाच नाही. मी ओढणीनं तो अंगठा पुसला, माझ्या हातात धरून काचेवर दाबला. पाचव्यांदा घेतला. अजून एकदा नाही म्हणालं असतं तरी चाललं असतं, असं वाटलं.

आता माझं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान आहे. कुणी म्हणालं माउस लागतो पण हार्ड डिस्क लागत नाही, की मी आधी अर्थिंग कसं आहे ते विचारते. माझ्या दुकानाच्या खड्ड्यात पाणी मीच ओतते, दुसऱ्या कुणाला ओतू देत नाही.

त्या दिवशी आबानं घोंगडी खांद्यावर टाकली, काठी घेतली, रिकामा कॅन बोटात अडकवला. म्हणाला, बरी हायेस ना. मी मान हलवणारच होते. तो पायरी उतरला, कॅन काठीवर ठकठक वाजायला लागला, आणि मी बोलले, एवढ्या मोठ्यानं की सगळी रांग वळून बघायला लागली.

आबा, आत्याकडं उद्या सकाळी नळ येतोय. कॅन भरून घेऊन जा. आज राहा.